नवशिक्यांसाठी डार्कटेबल आणि गिम्प सोपे कसे करावे? रविवारच्या वर्गातील अनुभव आणि काही प्रश्न

प्रश्न: नौपाडा, ठाणे

नमस्कार. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मी गेले चार महिने दर रविवारी सकाळी छायाचित्र-संपादनाचा विनामूल्य वर्ग घेते. वर्गात १२ जण होते. सर्वांत धाकटी मुलगी दहावीत आहे आणि सर्वांत ज्येष्ठ आजी ७१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहेत. दरमहा वर्गणी भरून वापरावे लागणारे सॉफ्टवेअर यांच्यापैकी बहुतेकांना परवडणारे नाही, आणि छंदासाठी निवृत्तिवेतनातून दर महिन्याला पैसे जात राहावेत हे मलाही पटत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मी मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि जे विनामूल्य वापरता येते असे, सॉफ्टवेअरच घेतले. रॉ फाइलींसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाइलींसाठी, डार्कटेबल आणि फोटोवर मजकूर घालणे, दोन फोटो जोडणे अशा कामांसाठी गिम्प. दोन्ही मी स्वतः अनेक वर्षे वापरते आणि दोन्हींबद्दल मला मनापासून आपुलकी आहे.

अडचण अशी झाली की चौथ्या रविवारपर्यंत १२ पैकी पाच जण यायचे थांबले. मी प्रत्येकाला फोन करून कारण विचारले. सॉफ्टवेअर वाईट आहे असे कोणीही म्हणाले नाही. ‘ताई, ते आम्हाला जमण्यातले नाही,’ एवढेच उत्तर प्रत्येकाकडून आले. हे वाक्य मला फार लागले, कारण हीच माणसे मोबाइलवरून रेल्वेची तिकिटे काढतात, बँकेचे व्यवहार करतात आणि परदेशातल्या नातवंडांशी रोज व्हिडिओवर बोलतात. त्यांना शिकता येत नाही, हे मी मान्य करायला तयार नाही.

नेमके काय घडते ते सांगते. ऐरोलीच्या खाडीत बोटीतून जाऊन आजींनी रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो काढले होते. डार्कटेबलच्या यादीत त्यातला एक फोटो छान गुलाबी दिसत होता. त्यांनी तो उघडला, दोनेक सेकंद गेले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गुलाबी रंग उतरून सगळे चित्र करडे, सपाट झाले. ‘मी काय दाबलं? माझा फोटो बिघडला का गं?’ असे म्हणून त्यांनी दोन्ही हात माउसवरून काढून मांडीवर ठेवले. उरलेला तासभर त्यांनी माउसला हात लावला नाही. मी समजावून सांगितले, त्यांनी मानही डोलावली. पण भीती बसली ती बसलीच.

दुसरे एक काका खालचे मॉड्यूल, म्हणजे एकेका बदलासाठीचे साधन, पाहण्यासाठी माउसचे चाक फिरवत होते. नेमका त्या वेळी बाण एक्स्पोजरच्या, म्हणजे फोटोचा उजेड कमीजास्त करणाऱ्या, स्लायडरवर होता, त्यामुळे यादी सरकायच्या ऐवजी फोटोच पांढराफटक होत गेला. दोघांकडून चुकून टॅबची कळ दाबली गेली आणि कडेची सगळी पॅनेल नाहीशी झाली. हे डार्कटेबलमध्येही झाले आणि गिम्पमध्येही. एका मुलाने घरी जाऊन फोटोंचा फोल्डर दुसरीकडे हलवला आणि पुढच्या रविवारी लॅपटॉप उघडला तर प्रत्येक फोटोच्या जागी कवटीचे चित्र! ‘व्हायरस आला’ असे समजून तो सगळेच पुसून टाकायला निघाला होता. शिवाय ‘सेव्ह कुठे आहे?’ हा प्रश्न तर दर रविवारी किमान तीनदा येतोच.

मला जाणकारांकडून हे समजून घ्यायचे आहे की, अशा वर्गासाठी डार्कटेबलमधले काय झाकून ठेवावे आणि काय उघडे ठेवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे, आणि यातल्या ज्या गोष्टी आपण आपल्या हाताने सोप्या करू शकत नाही त्या हे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांपर्यंत कशा पोहोचवाव्यात. वर्गातले बहुतेक लॅपटॉप जुने आहेत, मेमरी ४ जीबी आणि पडदे १३६६ बाय ७६८ चे.

उत्तर: ऐरोली, नवी मुंबई

ताई, तुमच्या आजींचा प्रसंग वाचून मला माझाच पहिला हंगाम आठवला. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यानंतर मी दर हिवाळ्यात तिथे जाऊ लागलो, आणि पहिल्या वर्षीचे निम्मे रॉ फोटो ‘कॅमेऱ्यात दोष आहे’ असे समजून मी पुसून टाकले. फोटोंत काहीही खोट नव्हती, हे मला पुढे कळले.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपण जे पाहतो ते कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेले जेपेग चित्र असते. त्यात उत्पादकाने ठरवलेला कॉन्ट्रास्ट, रंगांचा भडकपणा आणि रेखीवपणा आधीच मिसळलेला असतो. हेच तयार चित्र रॉ फाइलीच्या पोटातही ठेवलेले असते. डार्कटेबलची यादी, म्हणजे लाइटटेबल, सुरुवातीला ते पोटातले चित्र दाखवते आणि फोटो डार्करूममध्ये, म्हणजे संपादनाच्या पडद्यावर, उघडला की सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीवरून स्वतःचे चित्र नव्याने घडवते. आजींसमोर उतरलेला रंग हा या दोन चित्रांमधला फरक आहे. त्यांनी काहीही दाबलेले नव्हते.

यावर एक उपाय प्राधान्यांच्या (प्रेफरन्सेसच्या) खिडकीत आहे. पोटातल्या जेपेगऐवजी रॉ फाइल कोणत्या आकारापासून वापरायची, असा एक पर्याय लाइटटेबलच्या विभागात मिळतो; तो ‘नेहमी’ वर ठेवला तर यादीतही पहिल्यापासून डार्कटेबलचेच चित्र दिसते आणि डोळ्यांदेखत रंग बदलण्याचा धक्का बसत नाही. मात्र जुन्या लॅपटॉपवर यादी सावकाश भरेल, हे लक्षात घ्यावे. मी तुमच्या जागी असतो तर वर्गासाठी २०-२५ फोटोंचाच एक फोल्डर घेतला असता आणि हा पर्याय चालू केला असता.

भीती घालवण्यासाठी मात्र समजावून सांगणे पुरत नाही, दाखवावे लागते. पहिल्या तासाला फोल्डर उघडून मूळ रॉ फाइलीचा आकार आणि बदलाची तारीख सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला सांगा. मग तोच फोटो डार्कटेबलमध्ये हवा तितका बिघडवायला सांगा: हिरवा करा, उलटा करा, पार काळा करा. नंतर पुन्हा फोल्डर उघडून आकार आणि तारीख वहीतल्या नोंदीशी ताडून पाहायला सांगा. दोन्ही जशीच्या तशी असतात, कारण डार्कटेबल मूळ फाइलीला हात लावत नाही. केलेले बदल ते स्वतःच्या नोंदवहीत आणि फोटोशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलीत लिहून ठेवते. ‘सेव्ह कुठे आहे?’ याचे उत्तरही इथेच मिळते. सेव्ह करावेच लागत नाही. दुसऱ्याला पाठवायचा फोटो तेवढा एक्स्पोर्ट करायचा, म्हणजे त्याची वेगळी फाइल तयार करायची. शेवटी इतिहासाच्या यादीत सर्वांत तळाच्या ओळीवर क्लिक करून बिघडवलेला फोटो परत आणून दाखवा. माझ्या शेजारच्या काकूंना मी हे करून दाखवले तेव्हा त्यांनी तोच फोटो हौसेने तीन वेळा बिघडवला आणि तीन वेळा परत आणला. त्यानंतर त्यांचा हात थांबला नाही.

आता काय झाकायचे ते. डार्कटेबलमध्ये साठहून अधिक मॉड्यूल आहेत आणि त्यांतली अनेक एकच काम वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या पद्धतींनी करतात. नवशिक्यांसाठीचा एक तयार गट मॉड्यूलांच्या वरच्या पट्टीतील यादीत आधीच मिळतो, पण ७१ वर्षांच्या आजींसाठी तोही मोठाच आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ३.४ आवृत्तीपासून झटपट वापराचे एक पॅनेल आहे, ज्यात मॉड्यूल अख्खे न घेता त्यातले निवडक स्लायडर तेवढे ठेवता येतात. मी त्यात एवढेच ठेवतो: क्रॉप, सरळ करणे, एक्स्पोजर, सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट, कलर बॅलन्स आरजीबीमधला व्हायब्रन्स (फिक्या रंगांना उठाव देणारा) आणि नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) कमी करणारे मॉड्यूल चालू-बंद करायची खूण. सिग्मॉइड, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार पडद्याजोगा बसवणारे मॉड्यूल, आवर्जून घ्या. ते ४.२ आवृत्तीत, २०२२ च्या डिसेंबरमध्ये आले. त्याआधीचे त्याच कामाचे फिल्मिक समर्थ असले तरी त्यातल्या टॅबांत नवखा माणूस हरवतो, तर सिग्मॉइडमध्ये मुख्य स्लायडर दोनच आहेत. प्रकाशाची छटा काढून पांढरा रंग पांढराच दाखवणारे व्हाइट बॅलन्सचे मॉड्यूल मात्र झाकून ठेवा. नव्या पद्धतीत ते काम कलर कॅलिब्रेशनकडे गेले आहे, आणि जुन्या सवयीने कोणी दोन्हींत हात घातला की इशारा झळकतो, ज्याचा अर्थ नवशिक्याला लागत नाही. अशी मांडणी एका लॅपटॉपवर तयार करून प्रीसेट म्हणून फाइलीत काढता येते आणि बाकीच्या लॅपटॉपांवर घालता येते.

माउसच्या चाकाने फोटो पांढरा होण्यावर प्राधान्यांत एक खूण आहे: चाकाने कडेचे पॅनेल सरकावे, अशी. ती मुळात बंद असते. ती चालू करा, मग चाकाने स्लायडर हलवायचा असेल तर कंट्रोल आणि आल्ट धरावे लागतील. वर्गातल्या प्रत्येक लॅपटॉपवर मी सर्वांत आधी हेच केले असते.

कवटीचे म्हणाल तर ती ‘फाइल मला जागेवर सापडत नाही’ एवढेच सांगते. फोटो डार्कटेबलच्या पोटात नसतात, ते आपल्या फोल्डरातच असतात. डार्कटेबलजवळ त्यांचा पत्ता तेवढा असतो. घर बदलले आणि पत्ता कळवला नाही तर टपाल परत येते, तसेच हे. फोल्डर हलवलाच असेल तर डावीकडच्या संग्रहाच्या यादीत त्या फोल्डरच्या नावावर उजवी कळ दाबून नवा पत्ता देता येतो, आणि मुळात हलवायचेच असेल तर लाइटटेबलमधूनच हलवावे.

उत्तर: घणसोली, नवी मुंबई

ऐरोलीच्या दादांचे सगळे म्हणणे मान्य आहे, तरी मी थोडे वेगळे सुचवेन. पहिला महिना रॉ फाइल नकोच. बहुतेकांना मुळात हवे असते ते इतकेच: तिरके क्षितिज सरळ व्हावे, कडेला आलेला खांब कापला जावा, चेहरा थोडा उजळावा आणि फोटो पुन्हा सापडावा. ही चारही कामे जेपेगवर डिजिकॅम या फोटो लावून ठेवण्याच्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये होतात, आणि डिजिकॅम फोल्डर जसे आहेत तसेच दाखवत असल्याने पत्त्याचा गोंधळही कमी होतो.

रॉकडे वळाल तेव्हा रॉथेरपी हे रॉसाठीचे दुसरे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरही एकदा पाहा. त्यात २०१८ पासून अशी सोय आहे की रॉ उघडताच ते पोटातल्या जेपेगचा कॉन्ट्रास्ट तपासून तशीच उजेड-अंधाराची वक्ररेषा आपोआप लावते. म्हणजे आजींना रोहित जवळजवळ कॅमेऱ्यात दिसला तसाच दिसेल. रॉथेरपीचे पर्यायही काही कमी नाहीत. पण त्याच्यापासूनच फुटून निघालेले एआरटी नावाचे आटोपशीर भावंड आहे, त्यात पसारा कमी आहे. माझ्या वडिलांना मी तेच दिले. ते अजून वापरतात.

उत्तर: महापे, नवी मुंबई

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण दिवसभर मी प्रोग्रॅमिंगच करतो आणि रात्री जमेल तसा मुक्त स्रोत प्रकल्पांना हातभार लावतो.

हे सॉफ्टवेअर लिहिणारे बहुतेक जण स्वतः छायाचित्रकार असतात आणि स्वतःला भासलेली गरज भागवण्यासाठी लिहितात. योहानेस हानिका यांनी २००९ मध्ये डार्कटेबल सुरू केले तेही असेच. त्यामुळे यात तंत्राचा कस फार वरचा आहे. पण पहिल्यांदाच बसलेल्या माणसाचा हात कुठे अडखळतो हे त्यांना दिसण्याची सोयच नाही. जो अडखळतो तो तक्रार लिहीत नाही, तो तुमच्या त्या पाच जणांसारखा गप्प बसून निघून जातो. जे टिकून राहतात आणि चर्चेत लिहितात त्यांना एव्हाना सगळे सवयीचे झालेले असते, म्हणून ते आणखी एक पर्याय मागतात. वर्षानुवर्षे असे चालले की पर्याय वाढत जातात आणि दार तेवढेच अरुंद राहते. तुम्ही दाराशी उभ्या आहात, तुम्हाला दिसते ते त्यांना दिसत नाही. म्हणून तुमची टिपणे मला एखाद्या नव्या मॉड्यूलइतकीच मोलाची वाटतात.

आणि अशी टिपणे वाया जात नाहीत. गिम्पच्या खिडक्या पूर्वी पडद्यावर सुट्या तरंगायच्या. एकाच खिडकीत सगळे बसवण्याची सोय २०१२ च्या २.८ आवृत्तीत आली आणि २०१८ च्या २.१० पासून ती मुळातच चालू असते. गिम्पमध्ये काही चिकटवले की तरंगता थर (चित्रावर ठेवलेला सुटा पदर) तयार होऊन माणूस अडकून पडत असे. मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून चिकटवलेले चित्र सरळ नवा थर होते. छायाचित्रणाबाहेरचे उदाहरण द्यायचे तर ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू निवडायला वर्षानुवर्षे माउसची उजवी कळ वापरावी लागे. जुन्या वापरकर्त्यांचा तिच्यावर फार जीव होता. २०१९ च्या २.८० आवृत्तीत डावी कळ मूळ पर्याय झाली आणि पहिल्यांदा उघडतानाच कोणती कळ हवी ते विचारले जाऊ लागले. जुन्यांचे काही हिरावले गेले नाही आणि नव्यांची अडचण दूर झाली. मला हा तोडगा फार आवडतो.

उलट बाजूही आहे. गिम्पच्या २.८ पासून सेव्ह म्हणजे फक्त एक्ससीएफ (गिम्पची स्वतःची, थर जपणारी फाइल) आणि जेपेगसाठी एक्स्पोर्ट, अशी फोड झाली. थर जपले जावेत हा हेतू योग्यच होता. तरी ज्याला थर म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्याला एक फोटो जेपेगमध्ये ठेवण्यासाठी नवा शब्द शिकावा लागला. ही फोड रद्द करा असे सांगायला जाऊ नका, त्यावर पुष्कळ वाद होऊन गेले आहेत. वर्गात पहिल्याच दिवशी ‘कच्ची वही एक्ससीएफ, पक्की प्रत जेपेग’ एवढे सांगितले की काम भागते.

कळवायचे कसे? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले होते की एका वेळी पाच जणांना बसवून पाहिले तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. तुमच्याकडे तर अजून सात जण आहेत. एका रविवारी कोणालाही काहीही न शिकवता एकच काम द्या, ‘हा फोटो सरळ करून घरच्यांना पाठवण्याजोगा करा,’ आणि तुम्ही मागे वही घेऊन बसा. मदत करण्याचा मोह आवरणे फार कठीण जाते, हे अनुभवाने सांगतो. हात कुठे गेला, काय घडेल असे त्यांना वाटले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, एवढ्या तीनच गोष्टी लिहा. ‘गोंधळात टाकणारे आहे’ असे शब्द टाळा. मी माझी पहिली सूचना एका प्रकल्पाला अशाच शब्दांत पाठवली होती आणि ती दुसऱ्याच दिवशी बंद झाली. तीच सूचना घडलेल्या क्रमाने, पडद्याच्या चित्रासह पाठवली तेव्हा आठवड्यात तिच्यावर काम सुरू झाले.

एका सूचनेत एकच गोष्ट असावी. उदाहरणार्थ: टॅबची कळ दाबल्यावर सगळी पॅनेल जातात आणि ती परत कशी आणायची हे पडद्यावर कुठेच लिहिलेले नसते, तेव्हा काही सेकंदांसाठी ‘पॅनेल परत आणण्यासाठी टॅब दाबा’ अशी ओळ दिसावी. डार्कटेबलमध्ये फोटोवर क्षणभर संदेश दाखवण्याची यंत्रणा आधीच आहे, त्यामुळे हे काम आवाक्यातले आहे. डार्कटेबलच्या सूचना गिटहब या संकेतस्थळावर घेतल्या जातात, गिम्पच्या ग्नोम प्रकल्पाच्या गिटलॅब या तशाच संकेतस्थळावर, आणि गिम्पची तर वापरसुलभतेच्या चर्चेसाठी तिथेच वेगळी जागा आहे. डार्कटेबलची नवी आवृत्ती साधारण उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुमारास येते, त्या आधीचा महिना त्यांच्या घाईचा असतो. तेवढा टाळून पाठवा. सूचनेआधी कोणी तेच लिहिले आहे का ते शोधा आणि असेल तर त्याखालीच तुमच्या वर्गाचा अनुभव जोडा.

उत्तर: वाशी, नवी मुंबई

मी भाषांतराचे काम करते, म्हणून शब्दांपुरते लिहिते. ‘सगळे मराठीत आले की सोपे होईल’ असे आपल्याला सहज वाटते; माझाही बराच काळ असाच समज होता. पण एक्स्पोजरला ‘प्रकाशन’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला पुस्तक प्रकाशित करायचे आहे असे वाटते. नॉइजला ‘गोंगाट’ म्हटले तर फोटोतून आवाज येतो की काय, असा प्रश्न पडतो. मास्कला ‘मुखवटा’ म्हणणेही तसेच फसवे आहे. एक्स्पोजर, क्रॉप, फोकस हे शब्द लोकांच्या तोंडी बसलेले आहेत, ते तसेच ठेवावेत. खरी गरज आहे ती त्या शब्दावर बाण नेल्यावर दिसणारे स्पष्टीकरण चांगल्या मराठीत असण्याची.

तिथे आपली भाषा खूप कामाला येते. नॉइज म्हणजे अंधारातल्या फोटोत येणारा रवाळपणा, असे म्हटले की तूप कढवणाऱ्या कोणालाही तो डोळ्यांसमोर दिसतो. मास्क म्हणजे रांगोळीचा छाप: छापाला जिथे भोके आहेत तिथेच रंग पडतो, बाकीची जमीन कोरी राहते. सॅच्युरेशनला मी ‘गडदपणा’ म्हणत नाही, कारण गडद म्हणजे काळपट असाही अर्थ घेतला जातो. ‘रंगाचा भडकपणा’ हे कानाला थोडे गावरान वाटले तरी अर्थ अचूक पोहोचवते. ताई, तुमच्या वर्गात माणसे स्वतःहून कोणते शब्द वापरतात ते कृपया टिपून ठेवा. भाषांतराच्या फाइलीत इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ लिहायची असते, ते काम कोणालाही शिकता येते. योग्य शब्द मिळवणे हेच अवघड असते.

आणखी एक. फोटोंना मराठीत शोधशब्द द्यायचे असतील तर ते एक्सएमपी नोंदीत जातील असे पाहा. फोटोत माहिती लिहिण्याच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीच्या नोंदीत एका शोधशब्दाला ६४ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर किंवा मात्रा यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, म्हणजे अक्षरे आणि मात्रा मिळून २१ चिन्हांतच जागा संपते. ‘ऐरोली खाडीतील रोहित पक्ष्यांचा थवा’ हे त्यात मावत नाही. ‘रोहित’ आणि ‘ऐरोली’ असे दोन सुटे शब्द द्यावेत, शोधायलाही तेच सोयीचे पडते.

मूळ प्रश्नकर्ती: नौपाडा, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या दोन रविवारी जे केले ते कळवते.

पहिल्या रविवारी सातही लॅपटॉपांवर माउसच्या चाकाची खूण चालू केली आणि झटपट वापराचे पॅनेल ऐरोलीच्या दादांनी सांगितले तसे लावले. फक्त नॉइजची खूण काढली, कारण ती चालू केली की जुने लॅपटॉप फार अडखळत होते. मग फाइलीची तारीख वहीत लिहून फोटो बिघडवण्याचा प्रयोग घेतला. आजींनी आपला रोहित आधी जांभळा केला, मग हिरवा, आणि तारीख तीच राहिली हे स्वतः दोनदा तपासले. नंतर त्यांनी कोणालाही न विचारता एक्स्पोजर थोडे वाढवले, व्हायब्रन्स वाढवला, पुन्हा थोडा कमी केला आणि म्हणाल्या, ‘खाडीत एवढा गुलाबी नव्हता, खोटं नको दिसायला.’ इतके नेमके तर मीही पहिल्या वर्षी पाहत नव्हते.

दुसऱ्या रविवारी महाप्यातील दादांच्या सांगण्याप्रमाणे मागे वही घेऊन बसले. मदत न करणे खरोखरच कठीण गेले. सात जणांपैकी सहा जणांनी फोटो सरळ केला. पण पाच जण एक्स्पोर्टपाशी अडले. त्यांतल्या चौघांनी डाव्या बाजूला वर, जिथे इतर सॉफ्टवेअरमध्ये फाइलचा मेनू असतो, तिथे जाऊन शोधले; तिथे काहीच नव्हते. ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कधी सुचली नव्हती, कारण माझा हात न पाहताच योग्य जागी जातो. दहावीतल्या मुलीने टॅब दाबल्यावर पडदा मोकळा झाला, ती क्षणभर थांबली आणि ‘पुन्हा तेच दाबून बघते’ म्हणाली; काकांनी मात्र लॅपटॉपच बंद केला.

टॅबबद्दल आणि एक्स्पोर्टच्या जागेबद्दल दोन वेगळ्या सूचना लिहायला घेतल्या आहेत. गिटहबवर आधी कोणी असे लिहिले आहे का ते शोधते आहे. इंग्रजी मसुदा महाप्यातील दादांनी एकदा नजरेखालून घातला तर बरे होईल. वाशीच्या ताईंसाठी शब्दांची यादीही सुरू केली आहे. एक्स्पोर्टला वर्गात तिघांनी आपणहून ‘प्रत काढणे’ म्हटले. वर्ग सोडून गेलेल्या पाच जणांपैकी दोघांना काल फोन केला. एक जण येत्या रविवारी येतो म्हणाले आहेत, त्यांच्या लॅपटॉपवर अजून जुनी ३.० आवृत्ती आहे, ती आधी बदलून घ्यावी लागेल.